गल्लीवरून गेलेली वायर

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात कोणी कोणाशी भांडत नाही. पारा 45च्या पुढे सरकला की माणसाचा राग आधी घामावाटे निघून जातो आणि उरलासुरला कूलरच्या घरघरीत बुडतो. महालातली आमची गल्ली त्या वेळी तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी पडलेली असते. एखादं कुत्रं नालीच्या ओलाव्याला पोट टेकवून झोपलेलं, आणि कोपऱ्यावरचा कडुनिंब आपलीच सावली काटकसरीनं वापरत उभा. अशाच एका दुपारी, ओल्या वाळ्याच्या वासात, बंगळुरूहून सुटीला आलेली माझी भाची लॅपटॉप मांडीवर घेऊन ‘स्टार ट्रेक’ बघत बसली होती. जुनी नाही, तिच्यानंतरची, ‘द नेक्स्ट जनरेशन’. मी शेजारी आंब्याची कोय चोखत होतो आणि बघत नसल्यासारखं बघत होतो. पडद्यावर करारी चेहऱ्याच्या एक डॉक्टरीणबाई फिकट कातडीच्या, पिवळ्या डोळ्यांच्या एका तरुणाशी बोलत होत्या. तरुण कसला, यंत्रमानव, नाव डेटा. बाईंनी त्याला ‘डाटा’ म्हटलं. त्यानं अदबीनं चूक दाखवली. बाई म्हणाल्या, फरक काय पडतो? तो म्हणाला, एक माझं नाव आहे, दुसरं नाही.

मला हसू आलं, कारण आदल्याच दिवशी मी भाचीला म्हणालो होतो, ‘माझा डाटा संपला, जरा तुझ्या मोबाईलवरून दे.’ ती म्हणाली होती, ‘डेटा, मामा.’ आणि मी विचारलं होतं, ‘एकच नं?’

‘ह्या कोण बाई?’ मी विचारलं.

‘डॉक्टर पुलास्की. यांचं काही विचारू नका मामा. कोणालाच आवडत नाहीत.’

मला वाईट वाटलं. अख्खं नागपूर या बाईंच्या पक्षाचं आहे हे तिला कोण सांगणार? आमच्या पानठेल्यावर डाटा संपतो, बँकेत डाटा अडकतो, सेतू केंद्रातला पोरगा तासभर पडद्याकडे बघून सांगतो, ‘थांबा काका, डाटा चढून राहिला.’ इतक्या लोकांनी हे नाव चुकवूनही आमच्यावर कोणी रागावत नाही. मग या एकट्या बाईंनीच काय घोडं मारलं? कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून मी नीट बघायला बसलो.

हकिकत अशी की 1987 साली ही नवी मालिका सुरू झाली, पहिल्या वर्षानंतर तिच्यातल्या मूळच्या डॉक्टरीणबाईंना काढलं आणि 1988 साली त्यांच्या जागी या पुलास्कीबाई आणल्या. जुन्या मालिकेत भावनाशून्य मिस्टर स्पॉक आणि तापट डॉक्टर मकॉय यांची जी जुगलबंदी चालायची, तिची चव लोकांच्या जिभेवर वीस वर्षं टिकली होती. तीच पुन्हा करावी असं ठरलं असणार. एक तिखट डॉक्टर घ्या, एक थंड डोक्याचं पात्र घ्या, चुलीवर ठेवा. कृती बरोबर, माप बरोबर. फक्त सावजीचा झणझणीत रस्सा साबुदाण्याच्या खिचडीवर ओतला गेला. वर्षभरात बाईंची बदली झाली आणि तिसऱ्या वर्षी जुन्या डॉक्टरीणबाई परत कामावर रुजू झाल्या.

पण ती मूळची चव काय होती हे सांगायचं तर मला गल्ली ओलांडून समोरच्या घरात जावं लागेल, आणि चाळीस वर्षं मागं.

समोर मास्तर राहायचे. गणिताचे. माझे आजोबा सरकारी कचेरीतून बडेबाबू म्हणून निवृत्त झालेले. या दोघांमध्ये नालीवरून भांडण होतं. मास्तरांच्या मोरीचं पाणी आमच्या पायरीशी येऊन थबकायचं. आजोबांच्या मते तो मास्तरांचा बेत होता आणि मास्तरांच्या मते तो जमिनीचा उतार होता. मी जन्मलो तेव्हा हे भांडण चांगलं वयात आलेलं होतं. दोघांचं बोलणं बंद होतं, म्हणजे एकमेकांशी बंद होतं. एकमेकांना ऐकू जाईल असं तिसऱ्याशी बोलणं दिवसभर चालू असायचं, आणि तो तिसरा बहुतेक वेळा मी असे. ‘सांग तुझ्या मास्तरले,’ आजोबा ओट्यावरून म्हणायचे, आणि मी तोंड उघडायच्या आत समोरून उत्तर यायचं, ‘सांग तुझ्या आजोबाले, की मले ऐकू येते.’

ऐंशीच्या दशकात मास्तरांनी टीव्ही घेतला. लाकडी पेटीतला, सरकत्या दाराचा, काळा-पांढरा. दाराला छोटं कुलूप होतं आणि त्याची किल्ली जानव्याला. अडचण एवढीच झाली की मास्तरांचं घर बैठं, आणि टॉवर सेमिनरी हिल्सवर, आणि दोन्हींच्या मध्ये आमचं दुमजली घर. मास्तरांच्या कौलांवरून अँटेनाला आमची भिंत तेवढी दिसायची. अँटेना आमच्या गच्चीवर लावल्याशिवाय मास्तरांना चित्र नाही, आणि मास्तरांच्या घरात गेल्याशिवाय आम्हाला टीव्ही नाही. आजी मध्ये पडली. अँटेना आमची गच्ची वापरेल, बदल्यात आमच्या घरची माणसं त्यांच्या खोलीत बसतील, नालीचा विषय टीव्ही चालू असताना निघणार नाही. घरात या तहाला सगळे ‘नागपूर करार’ म्हणत. मग एक दिवस ती चपटी, दुहेरी वायर आमच्या गच्चीवरून गल्ली ओलांडून मास्तरांच्या खिडकीत उतरली. तिच्यावर पहिल्याच दिवशी एक चिमणी येऊन बसली, आणि दोघंही म्हातारे तिला हाकलायला एकदमच ओरडले. माझ्या माहितीत ते त्यांचं पहिलं एकमत.

रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची. त्याआधी अर्धा तास आजोबा गच्चीवर, अँटेनाचा खांब दोन्ही हातांनी धरून, धोतराचा काचा मारून उभे. शिडाच्या होडीवरच्या तांडेलासारखे. मास्तर आत पडद्यासमोर. मी गल्लीत मधोमध.

‘विचार, दिसून राहिलं का?’

‘सांग, मुंग्या दिसून राहिल्या!’

‘आता?’

‘आता एकेका माणसाचे दोन-दोन!’

‘मग काहून बोंबलून राहिले? फुकटात जास्तीच भेटून राहिलं ना!’

कधी तरी ते चित्र स्थिर व्हायचं, मास्तरांच्या आवाजात एक सूक्ष्म, नाइलाजाची कृतज्ञता यायची, आणि आजोबा खाली उतरून समोर जायचे. खोलीत मात्र शिरायचे नाहीत. उंबरठ्यावर स्टूल टाकून, अर्धे आत अर्धे गल्लीत बसायचे. तत्त्व म्हणजे तत्त्व. इंग्रजी आजोबांना कचेरीपुरतं आणि मास्तरांना भूमितीपुरतं. अंतराळयानात काय चाललंय याचा अंदाज दोघं आपापल्या खात्यातून लावायचे. पण स्पॉक आणि मकॉय पडद्यावर समोरासमोर आले की दोघांना भाषांतराची गरज पडत नसे. आजोबा स्पॉकच्या बाजूचे. त्याला ते ‘कानवाला’ म्हणायचे आणि तो एक भुवई वर उचलायचा तेव्हा स्टुलावर थोडे ताठ व्हायचे. मास्तर डॉक्टरचे. डॉक्टर चिडून काही बोलला की मास्तर माझ्याकडे बघून म्हणायचे, ‘बरोबर बोलला. काही माणसं सरळ बोलतच नाहीत.’

त्या मालिकेत एक गोष्ट आहे. 1968 सालची, रोमन साम्राज्य विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिलेल्या एका ग्रहाची. स्पॉक आणि मकॉय तिथे कोठडीत अडकतात. डॉक्टरला स्पॉकचे आभार मानायचे असतात, कारण स्पॉकनं नुकताच त्याचा जीव वाचवलेला असतो. पण आभार त्याच्या तोंडातून सरळ येत नाहीत. बाटलीतून घट्ट मध निघावा तसे येतात, मधेच अडकतात, आणि शेवटी त्यांचं भांडणच होतं. डॉक्टर त्याला सांगतो, तू मरायला घाबरत नाहीस, तू जगायला जास्त घाबरतोस. जगलास तर एखाद्या दिवशी तुझ्यातला माणूस चुकून बाहेर दिसेल. स्पॉक क्षणभर गप्प राहतो. आजोबांनी उंबरठ्यावरून विचारलं, ‘काय म्हणाला?’ मास्तरांनी माझ्याकडे न बघता, सरळ आजोबांना सांगितलं, ‘म्हणून राहिला, तुमच्या मनात आहे बडेबाबू, पण तुम्ही दाखवत नाही.’ मग दोघंही बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. जाहिराती लागल्या होत्या.

भाचीच्या शेजारी बसून मला पहिल्यांदा कळलं की त्या कोठडीत काय होतं आणि पुलास्कीबाईंच्या दवाखान्यात काय नव्हतं. स्पॉकला बोलणं लागायचं. अर्धा माणूस होता बिचारा. आई माणसांतली, आणि ते तो चोरलेल्या गुळासारखं तोंडात दाबून बसलेला. डॉक्टर नेमका त्या गालावर बोट ठेवायचा. आणि स्पॉक उलट उत्तर द्यायचा, असं धारदार की डॉक्टरचीच भंबेरी उडावी. डेटाचं उलट. त्याला भावना नाहीत, आणि त्या मिळाव्यात म्हणून तो धडपडतोय. विनोद कसा करतात, शीळ कशी वाजवतात, हे वहीत उतरवून घेणाऱ्या नव्या विद्यार्थ्यासारखा. त्याला तुम्ही यंत्र म्हणालात तर तो मान तिरपी करून म्हणतो, होय, मी यंत्रच आहे. तो वार झेलत नाही, परतवत नाही. वार त्याच्या आरपार जातो आणि सोफ्यावर बसलेल्या आपल्याला लागतो. बाई बोलतात त्याला, दुखतं आपल्याला. भांडण म्हणून लिहिलेला प्रसंग पडद्यावर येईतो छळ होऊन जातो.

आमच्या गल्लीतही एकदा असं झालं होतं. मास्तर महिनाभर गावी गेले आणि आजोबांनी तेवढ्या काळात मास्तरांच्या जावयाशी नालीचा विषय काढून पाहिला. जावई वर्ध्याचा, अतिशय सज्जन. ‘तुमचं बरोबर आहे आजोबा,’ म्हणाला, आणि खराटा घेऊन पायरी धुऊन दिली. दुसऱ्या दिवशीही धुऊन दिली. तिसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं आजोबांकडे अशा नजरेनं बघायला लागली की त्यांनी ओट्यावर बसणंच सोडलं.

यात पुलास्कीचं काम करणाऱ्या डायना मल्डॉर यांचा काही दोष नव्हता, हे मी नागपूरकर म्हणून आवर्जून सांगतो. या बाई 1968 साली जुन्या मालिकेतही दोनदा येऊन गेल्या होत्या, वेगवेगळ्या भूमिकांत. त्यातल्या एका गोष्टीत तर स्पॉकसमोर ठाम उभं राहून त्यांनी मत्सर, अभिमान, सगळं दाखवलं होतं. ‘स्टार ट्रेक’ सोडल्यावर त्या ‘एल. ए. लॉ’ नावाच्या वकिलांच्या मालिकेत गेल्या. तिथे त्यांनी रोझलिंड शेज ही अशी बाई रंगवली की भोवतीचे सगळे वकील तिच्यावर दातओठ खात, ती त्यांच्यावर खाई, आणि प्रेक्षक अगदी तृप्त. 1991 साली त्या पात्राचा शेवट झाला तो लिफ्टचं दार उघडून, बोलता बोलता आत पाऊल टाकून, आणि आत लिफ्टच नव्हती. इतकं मन लावून ज्या बाईचा राग केला जातो तिला भांडता येत नव्हतं असं कोण म्हणेल? समोर तोडीस तोड माणूस हवा होता. सोनेगावच्या तळ्यात भरतीची वाट बघत होडी सोडली तर होडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या जोड्यांचं दुखणं वेगळं. 1997 साली ‘शक्तिमान’ आली तेव्हा मी पंचविशीच्या आसपास होतो, म्हणजे बघायचं वय उलटून गेलेलं आणि न बघण्याचा मोठेपणा अजून न आलेला. मुकेश खन्ना एकीकडे, सुरेंद्र पाल यांचा तमराज किल्विष दुसरीकडे. प्रकाश आणि अंधार, याहून मोठं वैर कुठलं आणायचं? पण किल्विष आपल्या गुहेत बसून अंधाराचा जयजयकार करायचा, एकेक हस्तक पाठवायचा, हस्तक मार खाऊन संपायचा, की पुढचा. वर्षानुवर्षं तो आणि शक्तिमान एकमेकांच्या वाटेला प्रत्यक्ष आले ते सणावारी. माझ्या मनात तेव्हाही यायचं, यांच्यामध्ये नाली कुठे आहे? कोणाचं पाणी कोणाच्या पायरीशी येतं? नुसतं चांगलं आणि वाईट असून भागत नाही. ते तर रेल्वेच्या दोन रुळांसारखं जन्मभर समांतर जाऊ शकतं. 1998च्या ‘कॅप्टन व्योम’मध्ये मिलिंद सोमणच्या वाट्याला पळालेले अंतराळकैदी आले, एक पकडला की दुसरा. रुसायला सुद्धा ओळख लागते. तेवढी ओळख होईपर्यंत कैदी परत कोठडीत.

भाचीनं मग मला ‘व्हॉयेजर’ दाखवली, 1995 सालची. कल्पना अशी सुरेख की मी कोय टाकून हात धुऊन आलो. एक शिस्तीचं सरकारी यान आणि एक बंडखोरांचं यान, दोन्ही एकामागोमाग आकाशगंगेच्या पार पलीकडे, घरापासून 70,000 प्रकाशवर्षं दूर फेकली जातात. बंडखोरांचं यान नष्ट होतं. आता दोन्हीकडची माणसं एकाच यानात, एकाच स्वयंपाकघरात, आणि घर गाठायला पंचाहत्तर वर्षं लागणार. मी म्हटलं, चला, आता पंचाहत्तर वर्षांची करमणूक. आणि बघतो तर पहिल्या भागाच्या शेवटीच बंडखोर इस्त्रीचे सरकारी गणवेश घालून हजर! अधूनमधून कुणीतरी जुनी कुरकुर काढायचं, पण लग्नात आलेल्या दूरच्या मामेभावासारखी. ऐकायची, आणि पंगतीला बसवायचं.

जगात कुठे कोणाला हे पटलं असेल तर असो, विदर्भातल्या माणसाला पटणं शक्य नाही. आम्हाला एका यानात दोन खलाशी ठेवल्यावर काय होतं हे ठाऊक आहे. खरा नागपूर करार, विदर्भानं महाराष्ट्रात येण्याचा, झाला 28 सप्टेंबर 1953 ला. 1956 पर्यंत हे शहर एका मोठ्या राज्याची राजधानी होतं; मग यान बदललं, 1960 साली त्याचं नाव महाराष्ट्र झालं, आणि राजधानीच्या बदल्यात आमच्या वाट्याला विधिमंडळाचं एक अधिवेशन आलं. दर हिवाळ्यात मुंबईचे लोक मफलर बांधून येतात, तर्री-पोहे खातात, संत्रा बर्फीचे डबे बांधून घेतात, आणि आम्ही अनुशेषाचा हिशोब काढतो. ते ‘पुढच्या अधिवेशनात बघू’ म्हणतात. त्यांच्या जेवणाला तिखट नाही असं आम्ही म्हणतो, आमच्या बोलण्याला शिष्टाचार नाही असं ते म्हणतात. सत्तर वर्षं झाली तरी कोणी कोणाचा गणवेश घातलेला नाही. मला तर वाटतं, ते वर्षातलं एक अधिवेशन म्हणजे गल्लीवरून गेलेली वायरच आहे. ती काढली तर भांडायला तोंड कुठे दिसणार?

भाचीनं संध्याकाळी, गच्चीवर पाणी मारून झाल्यावर, शेवटची एक गोष्ट दाखवली. ‘बॅबिलॉन 5’ नावाची मालिका, 1990च्या दशकातली. तिच्यात लोंडो आणि जी’कार असे दोन राजदूत आहेत. एकाच्या साम्राज्यानं दुसऱ्याचा देश दोनदा चिरडलेला. हे वैर नालीचं नाही, रक्ताचं आहे. एका भागात स्फोट होतो आणि हे दोघं बंद लिफ्टमध्ये अडकतात. (लिफ्टचा आणि वैराचा काय ऋणानुबंध आहे कळत नाही.) बाहेर आग. दोघांनी मिळून हालचाल केली तर सुटका होईल. जी’कार जमिनीवर बसून राहतो आणि हसायला लागतो. मी तुला मारू शकत नाही, कारण तुझे लोक माझ्या लोकांना शिक्षा करतील. पण इथे बसून तुला मरताना तर बघू शकतो, मग त्यासाठी मलाही मरावं लागलं तरी चालेल! लोंडो दारावर धडका मारतोय, शिव्या घालतोय, आणि हा आनंदात. शेवटी मदत पोचते आणि दोघंही वाचतात. जी’कारच्या चेहऱ्यावर जी निराशा येते ती मी भारत सामना हरल्यावरच पाहिलेली आहे. पुढे बरीच वर्षं जातात, आणि त्याच जी’कारला लोंडोचा एकमेव भरवशाचा माणूस व्हावं लागतं. कोणी कोणाला नाली माफ केली, असंही धड सांगता येत नाही.

‘हे बाकी मस्त आहे,’ मी म्हणालो.

‘का?’ भाचीनं विचारलं. ती अभियंता आहे, कारण लागतं.

कारण काय सांगणार. मला मारबतीचा दिवस आठवत होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत आणि पिवळी मारबत निघतात. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. काळी दुष्ट, भोसले घराण्यातल्या बांकाबाईच्या फितुरीची आठवण. पिवळी देवीसारखी, रोगराई दूर नेणारी. मधल्या गर्दीत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, महागाईपासून पुढाऱ्यापर्यंत कोणाचेही. आणि इतवारीत ह्या दोघी समोरासमोर येतात तो क्षण बघायला छपरांवर माणसं लटकलेली असतात. दोघी बोलत नाहीत, हात उगारत नाहीत. कागद-बांबूच्या तोंडानं नुसत्या एकमेकींकडे बघतात आणि पुढे जातात. पुढे दोघींचंही दहन होतं. आजोबा मला खांद्यावर घेऊन काळीच्या बाजूनं उभे राहायचे. मास्तरांचं मूळ घर जागनाथ बुधवारीत, म्हणून ते पिवळीबरोबर चालत यायचे. त्या घामाघूम गर्दीत दोन्ही म्हातारे एकमेकांना शोधायचे हे मी उंचावरून स्वच्छ पाहिलेलं आहे. नजरानजर झाली की दोघंही लगेच दुसरीकडे बघायचे.

मग 1990 नंतर कधीतरी आमच्या गल्लीत केबल आली. एका पोरानं शिडी लावून, दोन खिळे ठोकून, मास्तरांच्या घरात थेट जोडणी दिली. आमच्याही घरी रंगीत टीव्ही आला होता, त्यालाही दिली. महिन्याचे पैसे दोघांनी वेगवेगळे भरले. मुंग्या गेल्या, एकेका माणसाचे दोन-दोन होणं थांबलं. त्याच वर्षी नालीवर सिमेंटच्या फरश्या पडल्या आणि पाणी कोणाच्या पायरीशी थांबतं हे कोणालाच दिसेनासं झालं. आजोबा आणि मास्तर यांच्यात पुढे एकही भांडण झालं नाही. रस्त्यात भेटले तर ‘काय मास्तर, बरं आहे?’ ‘बरं आहे बडेबाबू,’ एवढं, सभ्य, दोन बाजूंनी इस्त्री केल्यासारखं. आजी म्हणायची, ‘मिटलं एकदाचं.’ पण रविवारी सकाळी आजोबा उगीच गच्चीवर जायचे, खांबाला हात लावून यायचे आणि जिन्यात थांबून म्हणायचे, ‘वारा होता थोडा.’ एकदा समोरच्या खिडकीतून मास्तर म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही, ‘आमच्याकडे चित्र चांगलं आहे.’ आजोबांनी बराच वेळ उत्तर शोधलं. मग म्हणाले, ‘आमच्याकडेही.’

मी भाचीला एवढंच सांगितलं की जुनी ‘स्टार ट्रेक’ बघ, आणि नंतरचे दोन सिनेमेही. 1982च्या सिनेमात स्पॉक मरायच्या आधी घाईघाईनं मकॉयच्या चेहऱ्यावर बोटं ठेवतो, आणि 1984च्या पुढच्या सिनेमात कळतं की त्यानं आपला आत्मा ठेव म्हणून तिथे ठेवला होता. जिवाभावाचा दोस्त म्हणजे त्यांचा जुना कॅप्टन होता, पण जागा सापडली ती भांडखोराच्या डोक्यात. डॉक्टर त्यावरही कुरकुरतो, हे सांगायला नको.

‘पुलास्कीचं नंतर काय झालं?’ मी लॅपटॉप मिटताना विचारलं.

‘शेवटी शेवटी त्या डेटाशी चांगल्या वागायला लागतात,’ ती म्हणाली. ‘त्याला सांभाळून घेतात. नावही बरोबर घेतात.’

‘आणि मग?’

‘मग वर्ष संपलं.’

आजोबा आणि मास्तर दोघंही गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मास्तरांचं घर पाडून तिथे तीन मजली इमारत झाली आहे. आमची गच्ची तिच्यापुढे आता बुटकी दिसते. अँटेनाचा खांब भंगारात गेला. ती चपटी वायर तेवढी राहिली. उन्हाळ्यात आई ती गच्चीच्या दोन खिळ्यांना ताणून बांधते आणि तिच्यावर कुरडयांची चादर वाळत घालते.